रानातला पाला आणि त्याची पारख

अभ्यासपाठ : मंडळीच्या गटांसाठी व घरगुती उपासनेसाठी
वाचन : २ राजे ४:३८-४१, दानीएल १:८-१६, १ थेस्सलनीकाकरांस ५:१९-२२




गेल्या वर्षी एका मंडळीत मी आपल्या शहागडच्या कामाची माहिती सांगितली. सभा संपल्यावर एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला विचारले, "बाई, तुमच्या वस्तीवरच्या आजीबाईंना एवढी झाडपाल्याची औषधे माहीत आहेत. ती बाटलीत भरून मिशनच्या नावाने का विकत नाही? मुलांच्या वसतिगृहाचा खर्च तरी निघेल." त्यांनी हे प्रेमाने विचारले होते. वसतिगृहाला पैसे लागतात हेही खरे. त्या दिवशी मी अर्धेच उत्तर दिले. पूर्ण उत्तर देण्यासाठी हा पाठ लिहिला आहे, आणि त्याची सुरुवात मला माझ्या स्वतःच्या चुकीपासून करावी लागेल.

माझी चूक

शहागड हे अंबड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. नदी ओलांडली की बीड जिल्हा. दिवाळीनंतर या भागात ऊसतोड सुरू होते आणि आपल्या वस्तीवरची भिल्ल कुटुंबेही टोळ्यांबरोबर फडात जातात. काही वर्षांपूर्वी एका फडात मी मुलांची नावे लिहून घेत होते. तेव्हा एका भावाच्या डाव्या पायावर कोयता बसला. रक्त वाहू लागले. टोळीतल्या आजी बांधावर गेल्या, मूठभर दगडी पाला तोडून आणला, हातावर चोळला आणि त्याचा रस जखमेवर पिळून वर चोथा दाबला. थोड्या वेळात रक्त थांबले.

मी भारावून गेले. पुढच्याच अंकात, याच वार्तापत्रात, मी त्या पाल्याचे तोंडभरून कौतुक लिहिले. देवाने गरिबांच्या दवाखान्याचे दार बांधावरच उघडून ठेवले आहे, अशा अर्थाचे काहीतरी. जखम साबणाने धुतली का, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले का, हे मी त्या भावाला विचारले नव्हते. टोळी दुसऱ्या फडात गेली. सहाव्या दिवशी त्याची बायको माझ्याकडे आली. "ताई, पाय काळा पडाय लागलाय." आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले. तिथे रक्त तपासल्यावर प्रथमच कळले की त्याला मधुमेह आहे. पायाची दोन बोटे काढावी लागली.

नंतर मी आजींकडे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, पाला रगत थांबवतो. आतलं त्याला काय ठावं?"

आजींना आपल्या पाल्याची हद्द माहीत होती. मला ती माहीत नव्हती आणि मी विचारलीही नव्हती. वार्तापत्रात फक्त रक्त थांबल्याचे छापून आले, बोटे गेल्याचे आले नाही. ते आज लिहिते आहे.

हंड्यातले मरण

आता पहिले वाचन पाहू. गिलगालात दुष्काळ होता. अलीशा संदेष्ट्याने शिष्यांसाठी मोठा हंडा चुलीवर चढवायला सांगितले. एक जण भाजीपाला आणायला रानात गेला, त्याला एक रानवेल दिसली, तिची फळे त्याने ओटीभर आणली आणि चिरून हंड्यात टाकली. ती काय आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. ही फळे कडू इंद्रायणाची असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. इंद्रायण आपल्याकडेही कोरड्या रानात उगवते. जाणकार वैद्य ते मोजून जुलाबासाठी वापरतात. ओटीभर खाल्ले तर ते विषच आहे.

तीन गोष्टी लक्षात घ्या. फळे आणणारा मनुष्य वाईट नव्हता, तो भुकेल्यांसाठीच राबत होता. चांगल्या हेतूने वनस्पतीचा गुण बदलत नाही. दुसरे, खाणारे गप्प बसले नाहीत. आणणाऱ्याचे मन दुखावेल म्हणून कोणी घास गिळला नाही, ते ओरडले आणि म्हणून वाचले. तिसरे, संदेष्ट्याने त्या मनुष्याला हाकलून दिले नाही. हंडा निर्धोक केला आणि सर्वांना पुन्हा जेवायला बसवले. इथे देवाने चमत्कार केला. परंतु अनोळखी फळे ओटीत भरत राहा, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

प्रयोगशाळेत काय करतात?

माझ्या त्या अनुभवानंतर मी हा विषय शिकू लागले. वनस्पतीचा अर्क काढून तो रोगावर काही परिणाम करतो का, हे तपासण्याची एक ठरलेली वाट आहे. ती सोप्या शब्दांत अशी.

१. ओळख. नमुना नेमक्या कोणत्या वनस्पतीचा आहे हे आधी ठरवतात. आपण जिला दगडी पाला म्हणतो तिलाच कोणी एकदांडी म्हणते, कोणी कंबरमोडी. एकाच नावाच्या दोन वनस्पतीही असतात. म्हणून फांदी, पान, फूल दाबून वाळवतात, कागदावर चिकटवतात, कोठून व कधी आणली ते लिहितात आणि वनस्पतितज्ज्ञाकडून शास्त्रीय नाव पक्के करून घेतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे असे जपलेले नमुने आहेत. ओळख चुकली तर पुढचे सगळे वाया जाते.

२. अर्क. पाला सावलीत वाळवून भुकटी करतात. ती पाण्यात, अल्कोहोलमध्ये किंवा अन्य द्रावकात भिजवतात, कारण काही गुण पाण्यात उतरतात आणि काही उतरत नाहीत. मग द्रावक उडवून लावतात. खाली उरतो तो अर्क.

३. थाळी. काचेच्या उथळ बशीत जेलीसारखा थर ओतून त्यावर पू करणारे जंतू पसरतात. थरात लहान खळगे पाडून त्यांत अर्क भरतात आणि बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी सगळीकडे जंतूंची साय धरलेली दिसते. अर्कात ताकद असेल तर खळग्याभोवती स्वच्छ गोल राहतो. तो मिलिमीटरमध्ये मोजतात.

४. तुलना. त्याच बशीत एका खळग्यात नुसते द्रावक आणि एकात माहितीतले प्रतिजैविक भरतात. नुसत्या अल्कोहोलनेही जंतू मरू शकतात, मग श्रेय पाल्याला कसे द्यायचे? हे वाचताना मला दानीएल आठवतो. त्याने कारभाऱ्याला दहा दिवस मागून घेतले. आम्हाला शाकभाजी आणि पाणी द्या, मग राजाचे अन्न खाणाऱ्या तरुणांशी आमची तुलना करा आणि जे दिसेल त्याप्रमाणे ठरवा, असे तो म्हणाला. ते काही प्रयोगशाळेचे काम नव्हते. पण मुदत, तुलना आणि दिसेल ते मान्य करण्याची तयारी या तिन्ही गोष्टी तिथे आहेत. देवावर पूर्ण भरवसा असलेला मनुष्य तपासणीला घाबरला नाही.

५. विष. जे जंतूला मारते ते माणसाच्या पेशीलाही मारू शकते. फिनेल थाळीतले जंतू मारते, म्हणून कोणी ते पीत नाही. त्यासाठी अर्काची तपासणी जिवंत पेशींवर व प्राण्यांवर करतात आणि किती मात्रेपर्यंत धोका नाही ते ठरवतात. गुंजेचा पाला लोक विड्यात खातात, पण त्याच वेलीच्या लाल-काळ्या बियांत अत्यंत जहाल विष असते. गुळवेल आपण सगळेच निर्धास्तपणे पितो. करोनाच्या काळात तिचा काढा घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती हे आधी सिद्ध करा, असे म्हटले. म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीचाच प्रश्न.

६. माणूस. शेवटी थोड्या, मग अधिक माणसांवर, त्यांची संमती घेऊन, तुलना ठेवून चाचण्या होतात. इथपर्यंत फार थोडे अर्क पोचतात.

दगडी पाला यात कुठे आहे? भारतातील बऱ्याच प्रयोगशाळांनी त्याचे अर्क तपासले आहेत. थाळीत काही जंतूंवर त्यांचा परिणाम दिसला, उंदरांच्या जखमांवरही तपासण्या झाल्या. आजींच्या शब्दाला आधार मिळाला असे आनंदाने म्हणता येते. पण थाळीत मधुमेह नसतो, कोयत्याचा गंज नसतो, फडातली माती नसते. थाळीतल्या गोलावरून माणसाच्या पायाची हमी देता येत नाही. आणखी एक गंमत सांगते. दगडी पाला मूळचा इथला नाहीच, तो अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेला आहे. म्हणजे बांधावर नव्याने उगवलेले तण आपल्या लोकांनी पाहिले, वापरून बघितले आणि उपयोगी ते ठेवले. आदिवासींचे ज्ञान नुसते जुने नाही, तीही एक पारखच आहे.

नंदुरबारचा मुलगा

ही वाट किती लांबची आहे हे एका माणसाच्या आयुष्यावरून कळते. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. आज आपण ज्याला आदिवासी जिल्हा म्हणून ओळखतो तेच नंदुरबार. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या अर्कांवर काम केले. त्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने लाखाहून अधिक अर्क तपासायला घेतले होते. पद्धत अशी की अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, ज्यात गुण दिसेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे. असे करता करता शेवटी एकच पदार्थ हाती लागतो.

१९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून वेगळ्या केलेल्या कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली आणि १९७१ मध्ये अमेरिकेतल्या यू वृक्षाच्या सालीतून काढलेल्या टॅक्सॉलची. टॅक्सॉलला औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ मध्ये. कॅम्प्टोथेसिनची कथा अधिक बोलकी आहे. प्राण्यांवर ते गुणकारी ठरले, पण रुग्णांना दिल्यावर इतका त्रास झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याची रचना बदलून केलेली दोन औषधे १९९६ मध्ये मान्य झाली. गुण सापडल्यापासून औषध होईपर्यंत तीस वर्षे गेली. मध्येच कोणी "गुण सापडला" म्हणून बाटल्या भरल्या असत्या तर किती रुग्ण दगावले असते?

याच पदार्थाचा एक धागा सह्याद्रीत आहे. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या शास्त्रज्ञांना तो आपल्या नरक्या झाडातही आढळला. झाडाचे मोल जगाला कळले आणि जंगलात नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

कसे करता, तेही विचारा

चीनच्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते हिवतापावरील आर्टेमिसिनिनसाठी. जंगलपट्ट्यात हिवतापाने किती माणसे नेली हे आदिवासींमध्ये काम करणाऱ्यांना सांगायला नको. तू यूयूंच्या गटाने शेकडो अर्क तपासले. एका वनस्पतीचा गुण कधी दिसे, कधी दिसत नसे. मग त्यांनी सोळाशे वर्षांपूर्वीचा एक वैद्यकग्रंथ पुन्हा वाचला. त्यात ती वनस्पती उकळायला सांगितली नव्हती, पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. उष्णतेने गुण जात असावा हे त्यांच्या ध्यानात आले. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानात अर्क काढला आणि तो हिवतापाच्या परजीवीवर पूर्ण लागू पडला. रुग्णांना देण्याआधी त्यांनी व सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला.

यावरून मी एक सवय लावून घेतली. पूर्वी मी फक्त पाल्याचे नाव लिहीत असे. आता पाला कोवळा की जून, ओला की वाळला, चोळून की उकळून, किती दिवस, कोणाला द्यायचा नाही आणि कधी तो कामाचा नाही, हे सगळे विचारते. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आजींकडे नेहमी तयार असतात. त्यांना ते प्रश्न सहसा कोणी विचारत नाही एवढेच.

ज्ञान कोणाचे?

बाटलीच्या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. पाला गुणकारी ठरला तर पैसा कोणाचा? १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि जुने लिखित पुरावे मांडून १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. हळदीचे लिखित पुरावे होते. आपल्या आजींचे ज्ञान तोंडी आहे.

केरळात वेगळे उदाहरण घडले. १९८७ मध्ये अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांबरोबर गेलेले काणी आदिवासी वाटाडे थकत नव्हते. ते एक रानफळ खात होते. त्या आरोग्यपच्च वनस्पतीवर संशोधन होऊन 'जीवनी' हे औषध तयार झाले आणि परवान्याच्या रकमेतला व स्वामित्वशुल्कातला निम्मा वाटा काणी लोकांच्या न्यासाला देण्याचे ठरले. त्यात पुढे अडचणीही आल्या, पण ज्याचे ज्ञान त्याचा वाटा हे तत्त्व मान्य झाले. आपल्या देशात २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. शेजाऱ्याचे जे आहे त्याचा लोभ धरू नये ही आज्ञा आपण लहानपणीच पाठ करतो. त्यात शेजाऱ्याचे ज्ञानही येते असे मला वाटते, मग पैसा वसतिगृहासाठी का असेना.

आता आपण काय करतो

म्हणून त्या वडीलधाऱ्या बंधूंना माझे उत्तर असे आहे. मिशनच्या नावाने आपण झाडपाल्याचे औषध विकणार नाही. परवान्याशिवाय ते कायद्यालाही धरून नाही. पण मुख्य कारण हे की लोक आपल्या नावावर विश्वास ठेवतात आणि न पारखलेल्या बाटलीवर ते नाव लावणे म्हणजे खोटी साक्ष होईल.

वस्तीवर आपण आजींचे ज्ञान त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या नावाने वहीत उतरवतो. वही वस्तीवरच राहते. कोणी अभ्यासक नमुने मागायला आला तर त्याला आधी वस्तीच्या बैठकीत बसवतो. जखमेसाठी नियम ठरला आहे : वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवायची, स्वच्छ फडक्याने दाबून धरायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारायचे. साप चावला तर पाला शोधण्यात एक मिनिटही घालवायचे नाही, गाडी शोधायची. हा नियम टोळीत सगळ्यांना आजीच सांगतात. माझ्यापेक्षा त्यांचे लोक अधिक ऐकतात.

पौल थेस्सलनीकातील मंडळीला सांगतो की देवाच्या आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ मानू नका. आणि लगेच पुढे सांगतो की सगळे पारखून घ्या, चांगले ते धरून ठेवा. तुच्छ मानू नका आणि पारखा, या दोन्ही सूचना एकत्र आहेत. आम्ही शिकलेले लोक पहिली मोडतो, आदिवासींच्या पाल्याला हसतो. आम्ही सेवक लोक दुसरी मोडतो, भारावून जाऊन न विचारता कौतुक करतो. मी दुसऱ्या गटातली आहे.

तो भाऊ आता बूट घालून फडात जातो. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. टोळी दूर गेली की गोळ्या संपतात ही आमची सध्याची काळजी आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. रानफळे आणणाऱ्या मनुष्याच्या जागी तुम्ही कधी होता का? चांगल्या हेतूने दिलेला कोणता सल्ला अंगाशी आला?
२. हंड्याभोवतीचे लोक ओरडले. आपल्या मंडळीत चूक सांगणाऱ्याला आपण कसे वागवतो?
३. मोबाइलवर आलेला घरगुती उपाय पुढे पाठवण्याआधी या पाठातले कोणते प्रश्न विचारता येतील?
४. तुमच्या घरात आजीकडून आलेले कोणते औषध आहे? ते कधी द्यायचे नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?

प्रार्थनेचे विषय

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्या मागे वसतिगृहात राहिलेल्या मुलांसाठी. फडातल्या रुग्णांच्या गोळ्या वेळेवर पोचाव्यात यासाठी. प्रयोगशाळांत चिकाटीने व प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांसाठी. आणि वस्तीवरच्या आजींसाठी. त्यांच्याबरोबर त्यांचे ज्ञान जाऊ नये, नातवंडांनी ते ऐकावे, पारखावे आणि जपावे.

प्रभूच्या सेवेत तुमची बहीण,
शहागड